देशच नकाशावर नाही, मग चित्रं कोणत्या भिंतीवर लावायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १७९५ ते १९१८ या काळात पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी तो वाटून घेतला होता. मग तेव्हा परदेशात ‘पोलिश कले’ची प्रदर्शनं भरवत कोण होतं? त्यांना परवानगी कोण देत होतं? आणि अशा प्रदर्शनांना सरकारविरोधी म्हणायचं की सरकारपुरस्कृत? विचारणाऱ्यांना यावर प्रबंध लिहायचाय आणि सुरुवात कुठून करावी, हेही त्यांनी विचारलंय.

मी इतिहासाची प्राध्यापक नाही. गेली चोवीस वर्षं चित्रं एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याआणण्याचं काम करते. करारपत्रं, लाकडी पेट्या, विमा, कस्टम्स, कॅटलॉगची प्रुफं आणि भिंतीवरची लेबलं, एवढंच माझं जग. त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देते. माझ्या मते या विषयाचं कुलूप त्याच बाजूने उघडतं.

आधी प्रश्नाची मांडणी जरा बदलू या. चित्र परदेशी पाठवायला त्या काळात फारशी अडचण नव्हती. पोलिश चित्रकार पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या अधिकृत प्रदर्शनात, चित्रं पाठवत, म्युनिकमध्ये तर त्यांची मोठी वसाहतच होती. चित्र पोहोचत होतं, विकलंही जात होतं. अडत होतं ते शीर्षकापाशी. आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत चित्रं देशवार लागत. फ्रान्सचं दालन, जर्मनीचं दालन, आणि कॅटलॉगची विभागणीही तशीच. ज्याला देश नाही त्याचं नाव कोणत्या पानावर छापायचं? खरा झगडा त्या पानासाठी होता.

हे किती जिव्हारी लागतं ते मी अनुभवलंय. एका परदेशी प्रदर्शनात आमच्याकडून गेलेल्या चित्रकाराचं नाव यजमान संस्थेने भलत्याच विभागाखाली घातलं. भिंतीवरचं लेबल आम्ही रात्रीत बदलून घेतलं, पण कॅटलॉग छापून झाला होता. प्रदर्शन दोन महिन्यांत उतरलं. तो कॅटलॉग मात्र आजही ग्रंथालयांत तसाच आहे आणि त्यावरून दोन लेखांत तीच चूक उतरलेली मी वाचली आहे. तेव्हापासून कोणतंही जुनं प्रदर्शन समजून घ्यायचं असलं की मी चित्रांच्या आधी कॅटलॉगची अनुक्रमणिका बघते.

आता पोलिश चित्रांकडे येते. १८६७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात यान मातेइकोचं ‘रेय्तान’ लागलं. जवळपास पाच मीटर रुंद कॅनव्हास. पोलंडच्या पहिल्या फाळणीला मान्यता देणारी १७७३ची संसद, आणि ती रोखण्यासाठी दारात आडवा पडून स्वतःची छाती उघडी करणारा खासदार तादेउश रेय्तान. एक खुर्ची उलथलेली, एक नाणं जमिनीवर घरंगळतंय, वर भिंतीवर रशियाच्या कॅथरिन राणीची तसबीर. देश विकला गेला त्या क्षणाचं हे चित्र, आणि ते लागलं ऑस्ट्रियाच्या विभागात! कारण मातेइको क्राकोवचा आणि क्राकोव ऑस्ट्रियाच्या वाट्याचं. चित्राला सुवर्णपदक मिळालं आणि फ्रान्झ योसेफ बादशहाने ते पन्नास हजार फ्रँकला विकत घेतलं. फाळणी करणाऱ्यांच्याच वंशजाने फाळणीचं चित्र घेतलं आणि ते व्हिएन्नाला गेलं.

अकरा वर्षांनी, १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात, याची दुसरी बाजू दिसते. हेन्रिक शेमिराद्स्कीचं ‘नीरोच्या मशाली’ तिथे गाजलं, पण रशियाच्या विभागात, कारण शेमिराद्स्की रशियाच्या प्रजेतला आणि सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत शिकलेला. मातेइकोची चित्रं त्याच प्रदर्शनात ऑस्ट्रिया-हंगेरीकडे. एकाच समाजाचे दोन सर्वांत नावाजलेले चित्रकार, दोघांनाही मोठे सन्मान, आणि दोन्ही सन्मान दोन वेगवेगळ्या साम्राज्यांच्या खात्यावर जमा. पुढच्याच वर्षी शेमिराद्स्कीने ते प्रचंड चित्र क्राकोव शहराला भेट दिलं आणि त्यातून तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाची सुरुवात झाली. आज ते सुकिएन्नीत्सेच्या, म्हणजे जुन्या कापडबाजाराच्या, वरच्या मजल्यावर आहे. मी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा आधी मापच डोळ्यांत भरलं : पावणेचार मीटरहून जास्त उंच, सात मीटर रुंद. एवढा कॅनव्हास चौकटीवर ताणलेला न्यायचा तर दारंच पुरत नाहीत; चौकटीवरून सोडवायचा, मोठ्या रुळावर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचा आणि पोहोचल्यावर पुन्हा ताणायचा. दर वेळी रंगाला तडे जाण्याची धास्ती. हे ज्याने केलंय त्याला कळतं की चित्र ‘भेट देणं’ हे सहीपुरतं काम नसतं.

म्हणजे एकट्या चित्रकाराला पदक मिळत होतं, मान मिळत होता, पण पान मिळत नव्हतं. इथे संस्थांचा भाग सुरू होतो.

क्राकोवमध्ये १८५४ साली ‘ललित कलेच्या मित्रांचं मंडळ’ स्थापन झालं, वॉर्सॉत १८६० साली ‘झाखेन्ता’ म्हणजे ललित कलेला प्रोत्साहन देणारं मंडळ. दोन्ही मंडळं एकाच घाटाची : सभासदांनी वार्षिक वर्गणी भरायची, त्या पैशातून मंडळाने प्रदर्शनातली काही चित्रं विकत घ्यायची आणि सोडतीने सभासदांत वाटायची. परक्या राजवटीत सरकारी संग्रहालय नसताना कलाकारांना जगवण्याचं मोठं काम या मंडळांनी केलं. पण सोडतीत घरच्या दिवाणखान्यात शोभेल अशी मध्यम आकाराची, कोणाला न खुपणारी चित्रं जास्त चालत. शिवाय मंडळात रसिक, जमीनदार, वकील यांचं वजन कलाकारांपेक्षा जास्त. परदेशात एकसंध, निवडक, धारदार दालन मांडायचं तर हे यंत्र पुरेसं नव्हतं.

म्हणून १८९७ महत्त्वाचं. त्या वर्षीच्या मे महिन्यात क्राकोवच्या सुकिएन्नीत्सेत काही चित्रकारांनी आपलं ‘वेगळं’ प्रदर्शन भरवलं आणि ऑक्टोबरात ‘श्तूका’ (शब्दाचा अर्थ ‘कला’) ही पोलिश कलावंतांची संस्था स्थापन झाली. युझेफ खेउमोन्स्की पहिले अध्यक्ष. यान स्तानिस्वाव्स्की, तेओदोर आक्सेन्तोविच, युलियान फावात, यात्सेक माल्चेव्स्की, युझेफ मेहोफर, लेओन विचुउकोव्स्की, स्तानिस्वाव विस्प्यान्स्की हे संस्थापकांपैकी. सभासद फक्त कलाकार, संख्या मुद्दाम कमी, निवड स्वतःची आणि कडक. भिंतीवर चित्रं दाटीवाटीने न लावता मोकळी लावायची.

नावात ‘क्राकोवचे’ किंवा ‘गॅलिशियाचे’ (गॅलिशिया म्हणजे ऑस्ट्रियाच्या वाट्याचा प्रांत) कलावंत असा शब्द नाही. ‘पोलिश कलावंतांची संस्था’ असाच आहे. नोंदणी ऑस्ट्रियात, पण सभासद तिन्ही वाट्यांतले. खेउमोन्स्की वॉर्सॉजवळच्या कुक्लुव्का गावात, म्हणजे रशियाच्या हद्दीत राहायचे. फर्दिनांद रुश्चित्स आजच्या बेलारूसमधल्या बोहदानूवचे. ओल्गा बोझ्नान्स्का पॅरिसला स्थायिक झालेल्या. हे सगळे एका संस्थेच्या नावाखाली एका खोलीत आले की नकाशावर नसलेला देश त्या खोलीपुरता जोडला जायचा. मला हे सगळं प्रकरण त्या एका युक्तीसाठी आवडतं. घोषणा नाही, निवेदन नाही. सभासदांची यादीच बोलते.

मग ही युक्ती क्राकोवलाच का जमली? इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ हे खरोखर म्हणावं लागतं, कारण तिन्ही साम्राज्यांचे कायदे वेगळे होते. ऑस्ट्रियात १८६७चा संघटना कायदा होता. नियमावली दाखल करायची, त्यात राजकीय काही नसलं की संस्था उभी राहायची. गॅलिशियाला स्वायत्तता होती. शाळा, कचेऱ्या, विद्यापीठ पोलिश भाषेत चालत. रशियाच्या बाजूला १८६३चा उठाव मोडल्यानंतर ‘पोलंड’ हा शब्दच सरकारी कागदांतून पुसत नेला आणि त्या मुलखाला ‘विस्तुलाकाठचा प्रदेश’ म्हणायला लागले. तिथे संस्था काढण्याचे नियम १९०६ साली कुठे सैल झाले. प्रशियाच्या वाट्यात जर्मनीकरणाचा रेटा इतका की १९०८च्या संघटना कायद्याने पोलिश भाषेत जाहीर सभा घेण्यावरही बंधनं आणली. झाखेन्ता वॉर्सॉत टिकली, १९००मध्ये स्वतःची देखणी इमारतही तिने उभी केली, ही केवढी मोठी गोष्ट! पण परदेशात ‘पोलिश’ अशी पाटी लावून दालन मागण्याची मोकळीक तिला नव्हती. क्राकोवला होती, आणि क्राकोवने ती बाकी दोघांसाठी वापरली.

व्हिएन्नाने हे का चालू दिलं? उदारपणा हे एक उत्तर आहे, पण अपुरं. व्हिएन्नाच्या संसदेत पोलिश खासदारांच्या गटाची मतं सरकारला लागत. कासिमिर बादेनी हा पोलिश जमीनदार १८९५ ते १८९७ पंतप्रधान होता आणि आगेनोर गोवुहोव्स्की १८९५ ते १९०६ परराष्ट्रमंत्री. भाषांच्या भांडणांनी संसद ठप्प होत होती, तेव्हा ‘आमच्याकडे अनेक लोक आहेत आणि प्रत्येकाची कला बहरते आहे’ हे दाखवणं सरकारच्याही सोयीचं होतं. कलाखातं ज्यांच्याकडे होतं ते शिक्षणमंत्री विल्हेल्म फॉन हार्टेल नव्या कलेला पैसा द्यायला तयार होते. पोलिश कलाकारांना स्वतःची खोली हवी होती, सरकारला विविधतेचं प्रदर्शन हवं होतं. दोघांचे हेतू वेगळे, अर्ज एकच. माझ्या धंद्यात बहुतेक चांगली प्रदर्शनं अशीच उभी राहतात. पैसे देणाऱ्याचं कारण आणि भरवणाऱ्याचं कारण क्वचितच एक असतं.

व्हिएन्नात दार उघडायला ओळखीही कामी आल्या. तिथली सेझेशन ही नव्या कलेच्या कलावंतांची संस्था १८९७ सालचीच, चित्रकार गुस्ताव क्लिम्ट तिचा अध्यक्ष, आणि आक्सेन्तोविच, मेहोफर यांच्यासारखे श्तूकाचे लोक तिचेही सभासद. १९०२ साली सेझेशनच्या पंधराव्या प्रदर्शनात श्तूकाचे कलावंत संस्थेच्या नावाने, एकत्र मांडले गेले. सेझेशनच्या इमारतीत आतल्या भिंती हलवता येत, त्यामुळे पाहुण्या संस्थेला स्वतःची जागा स्वतःच्या पद्धतीने बांधता यायची. ज्याने परक्या दालनात ‘ही भिंत आम्हाला द्या’ म्हणून वाद घातलाय त्याला या सोयीची किंमत कळेल. १९०८मध्ये व्हिएन्नाच्याच हागेनबुंड या दुसऱ्या संस्थेने श्तूकाला जागा दिली.

पण सगळ्यांत बोलकं उदाहरण १९०४चं, अमेरिकेतल्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनाचं. ऑस्ट्रियाच्या सरकारी मंडपात वेगवेगळ्या कलासंस्थांना खोल्या द्यायचं ठरलं. सेझेशनला आपल्या जागेत मुख्यतः क्लिम्ट दाखवायचा होता. मंत्रालयाशी त्यावरून बिनसलं आणि सेझेशन बाहेर पडलं. श्तूका मात्र गेली. चेक कलावंतांना वेगळी खोली, पोलिशांना वेगळी. छप्पर ऑस्ट्रियाचं, खोली पोलिश. त्या खोलीत मेहोफरचं ‘विलक्षण बाग’ होतं. उन्हात न्हालेली सफरचंदाची बाग, फांद्याफांद्यांवर फुलांच्या माळा. पुढे एक नागडं सोनेरी पोर हातात उंच फुलांचे दांडे घेऊन, त्याच्या मागे गडद निळ्या झग्यातली चित्रकाराची बायको, आणखी मागे लोकपोशाखातली दाई. आणि वरच्या भागात, अवाढव्य, सोन्यासारखा चतुर हा कीटक, पंख पसरून. रेय्तान नाही, फाळणी नाही, तलवार नाही. १८६७ साली जगासमोर न्यायला दुःखाचा इतिहास लागत होता. १९०४ साली एक बाग पुरली. संस्था पाठीशी असली की प्रत्येक चित्राला एकट्याने देशाचं ओझं वाहावं लागत नाही. मला हा बदल या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो.

त्याच सेंट लुईसमध्ये रशियाचं काय झालं तेही सांगते, कारण त्यातून संस्थेचं आणि सरकारी छत्राचं महत्त्व कळतं. जपानशी युद्ध पेटल्यामुळे रशियाने अधिकृत सहभाग काढून घेतला. चित्रं गेली ती एडवर्ड ग्रुन्वाल्ड नावाच्या फरच्या व्यापाऱ्याच्या खासगी व्यवस्थेने, सुमारे सहाशे. मागे अधिकृत कमिशन नाही, कस्टम्सचे कागद धड नाहीत, विक्रीचे घोळ. शेवटी अमेरिकी कस्टम्सने माल जप्त केला आणि लिलावात काढला. चित्रकारांची शेकडो चित्रं घरी परत आलीच नाहीत. माझ्याकडे नवीन माणूस कामाला लागला की मी त्याला ही हकिकत सांगते. चित्र पाठवणं म्हणजे ते परत आणण्याची व्यवस्था करणं.

एक उदाहरण याच्या आधीचं, आणि आपल्याला जवळचं. १८९३च्या शिकागो प्रदर्शनाच्या कलाविभागाच्या कॅटलॉगमध्ये ‘सोसायटी ऑफ पोलिश आर्टिस्ट्स’ असं वेगळं शीर्षक सापडतं. कोणत्याही साम्राज्याच्या पोटात नाही, स्वतंत्र. अमेरिकेत यजमान वेगळे, आणि शिकागोत पोलिश स्थलांतरितांची वस्ती मोठी. त्याच प्रदर्शनात पोलिश दिवसही मोठ्या मिरवणुकीने साजरा झाला. त्याच शिकागोला राजा रविवर्म्यांची दहा चित्रं गेली होती. त्यांना दोन पदकंही मिळाली, पण परीक्षकांच्या शेऱ्यात कौतुक होतं ते स्त्रियांचे चेहरे, पोशाख आणि दागिने हुबेहूब असल्याचं, म्हणजे मानववंशशास्त्राला उपयोगी म्हणून. पोलिश चित्रकारांची संस्था होती, तिने कलाविभागात शीर्षक मिळवलं. रविवर्मा एकटे गेले आणि त्यांचं चित्र ‘माहिती’ ठरलं. हे दोन कागद शेजारी ठेवून बघा. तुमच्या प्रबंधाला इथून एक चांगलं प्रकरण मिळेल.

आता ‘विरोधातली की मदतीची’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हे दोन डबे बाजूला ठेवा, कारण खरं प्रदर्शन त्या दोन्हींत मावत नाही. ऑस्ट्रियाच्या पैशाने, ऑस्ट्रियाच्या मंडपात, पण निवड, मांडणी आणि नाव स्वतःचं. त्याची किंमतही होती. श्तूका निवडक राहिली म्हणून तिच्यावर कंपूबाजीचे आरोप झाले, आणि ते सगळेच खोटे नव्हते. आणखी एक गोष्ट पोलिश लेखनात बऱ्याचदा मागे पडते. गॅलिशियाच्या स्वायत्ततेचा फायदा मुख्यतः पोलिशांना झाला. त्याच प्रांताच्या पूर्व भागात युक्रेनियन लोक मोठ्या संख्येने होते. क्राकोवला शिकलेला इव्हान त्रुश आणि त्याच्या सोबत्यांनी १८९८मध्ये ल्विवला आपल्या लोकांच्या कलेसाठी वेगळी संस्था काढली ती उगीच नाही. ज्यांना पान मिळालं नाही असेही लोक त्याच प्रांतात होते, हे प्रबंधात यायलाच हवं.

थोडक्यात पुन्हा सांगते. एकट्या चित्रकाराला परदेशात जागा होती, पण नाव साम्राज्याचं लागायचं. वर्गणी-सोडतीच्या मंडळांनी कलाकार जगवले. कलाकारांच्या स्वतःच्या संस्थेने, ऑस्ट्रियाच्या सैल कायद्याचा आधार घेऊन, तिन्ही वाट्यांतले लोक एका नावाखाली आणले आणि खोली मागून घेतली.

सुरुवात कुठून करायची? प्रत्येक प्रदर्शनाचा कॅटलॉग मिळवा आणि चित्रांच्या आधी चार गोष्टी टिपा : शीर्षक कोणाच्या नावाचं, अर्ज कोणी केला, वाहतुकीचे आणि विम्याचे पैसे कोणी भरले, आणि चित्रकारांच्या पत्त्यांत कोणकोणती गावं आहेत. पत्त्यांचा रकाना सोडू नका. क्राकोव, वॉर्सॉ, पॅरिस आणि एखादं बोहदानूवसारखं खेडं एकाच शीर्षकाखाली दिसलं की समजा, तुम्ही योग्य पानावर आहात. ‘रेय्तान’चा प्रवासही शेवटपर्यंत काढा. १९२० साली स्वतंत्र पोलंडने ते ऑस्ट्रियाकडून विकत घेतलं. आज ते वॉर्सॉच्या राजवाड्यात आहे.